पाटीवरचा ल आणि पडद्यावरचा ल

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाडीत झाले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. बंधारा घालणे, पाणंद साफ करणे ही कामे मुलांनी केली. आम्हा तिघींची नेमणूक मात्र सकाळच्या वेळी वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. शिबिराचा रीतसर अहवाल याच अंकात अन्यत्र येईलच. मला लिहायचे आहे ते त्या शाळेच्या पहिलीच्या वर्गातील चार टॅबविषयी.

शाळा चार इयत्तांची, पट १७ आणि शिक्षक दोन. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत, तेव्हा हिशेबात काही चूक नाही. पण मुले १७ असली तरी इयत्ता चार, हे हिशेब करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही! त्यातून दुसरे गुरुजी त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेलेले. बाई एकट्या. तिसरी-चौथीला भागाकार शिकवायचा तर पहिली-दुसरीच्या आठ जणांना गप्प कसे बसवावे? मुंबईकर मंडळींनी गणपतीत वर्गणी काढून शाळेला टॅब दिलेले होते. बाई ते दोघांत एक असे वाटत आणि वर्ग खरोखर चिडीचूप होई.

पहिल्या दिवशी ते पाहून मी हरखून गेले, हे कबूल करते. एक आवाज विचारी, "ल कोठे आहे?" पडद्यावर चार अक्षरे येत. बरोबर अक्षराला बोट लावले की चांदणी चमके, चुकले की बदक ओरडे. एका मुलाने अर्ध्या तासात भराभर चांदण्या जमवल्या. मी मोठ्या कौतुकाने त्याला बाईंपुढे उभे केले. बाईंनी पाटीवर ल काढला आणि विचारले, "ह्या काय?" पोरगा गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प.

मला वाटले, हा नुसता अंदाजाने बोटे लावीत असणार. मग टॅब हातात घेऊन नीट पाहिले. पडद्यावरचा ल हिंदी वळणाचा, उभ्या दांडीचा होता. पाटीवर आणि बालभारतीच्या पुस्तकात होता तो आपला पाकळीचा ल. शासनाने २००९ सालीच पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे म्हणून ठरवून दिली आहेत. पण यंत्रातील टंक बनवणाऱ्याने दोन्ही भाषांना एकच वळण वापरले. तुम्हांआम्हांला दोन्ही ल सारखेच दिसतात, कारण आपल्याला वाचता येते. सहा वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी चित्रे आहेत. तेव्हा चूक त्या मुलाची नव्हतीच. शेजारची मुलगी तर मुद्दाम चुकीच्या अक्षराला बोट लावीत होती. तिला बदक ऐकायचे होते! तिचे मला हसू आले, आणि खरे सांगायचे तर ती मला अधिक शहाणी वाटली.

आता कोणी म्हणेल, एका अक्षरावरून एवढा गहजब कशाला? टंक बदलला की झाले. शिबिरात आमचा याच मुद्द्यावर वाद झाला आणि मला 'जुन्या वळणाची आजीबाई' ही पदवी मिळाली. पण माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची चर्चा सगळीकडे झाली. मात्र गुरुजींनी पुस्तके आधी मुलांच्या भाषेत आणली असे तेव्हा सांगितले गेले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. क्यूआर कोड त्यानंतरची गोष्ट. आपण नेमके मागचे टोक उचलतो आणि वर्गणी काढून टॅब घेतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबादला नेले, तेव्हा त्यांच्यापाशी शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने होती. आज शिंपल्यांनीच शिकवावे असा माझा हट्ट नाही. पण त्या शिंपल्यांजवळ एक माणूस बसलेले असे आणि मूल बोलत असे. टॅबसमोर मूल बोलत नाही. बोलायचे काम टॅब करतो.

चौथ्या दिवशी बाईंनीच एक युक्ती केली. आठ मुलांना गोल बसवले, एकच टॅब मांडीवर घेतला आणि ध्वनिमुद्रणाचे बटण दाबून म्हणाल्या, "काल वाडीत काय झाला ता सांगा बघू." तो चांदण्यांवाला मुलगा उठून सांगू लागला, "वाघ माका नाय दिसलो, बाबांक दिसलो. आमचो कुत्रो भुकाकच नाय." मग सगळ्यांना ते ऐकवले. स्वतःचा आवाज ऐकून तो लाजला, बाकीचे हसले, आणि लगेच प्रत्येकाला आपापला वाघ सांगायचा होता. बाईंनी त्याचे वाक्य फळ्यावर त्याच्याच मालवणीत लिहिले, त्याखाली पुस्तकी मराठीत लिहिले, आणि 'दिसलो' मधल्या ल ला गोल केला. मुलाने तो ल पाटीवर चार वेळा गिरवला. एक उलटा आला.

यंत्र तेच. पण ते बाईंच्या मांडीवर होते आणि त्यात मुलाचा आवाज होता. पहिली-दुसरीत साधन असावे ते असे, शिक्षकाच्या हाती, असे माझे मत झाले आहे. दुसऱ्या शिक्षकाची जागा भरून काढायला मुलांच्या हाती दिलेला टॅब ही सोय आहे, तिला शिक्षण म्हणू नये. युनेस्कोनेही २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालाच्या शीर्षकातच विचारले आहे की, हे साधन कोणाच्या अटींवर? आपल्यापैकी कितीतरी जण उद्या डी.एड., बी.एड. करून अशाच वाडीवर जाणार आहेत. चार टॅब आणि आणखी एक शिक्षक यांत निवड करायची वेळ आली, तर आपण काय मागणार? पहिल्या दिवशी मला विचारले असते तर मी टॅब मागितले असते.

मात्र बाईंनी हे गोलात बसून केले त्या पाऊण तासात तिसरी-चौथीला आम्ही सांभाळले, हेही लिहिले पाहिजे. सातव्या दिवशी आम्ही सामान बांधले. सोमवारी गुरुजी परतले की नाही ते कळले नाही. परतले नसतील, तर भागाकाराच्या तासाला बाईंनी पुन्हा टॅब वाटले असतील, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला तरी नाही.