खोली ठरवताना एवढं विचाराच

गेल्या मे महिन्यात आम्ही सात जण सिंधुदुर्गात समुद्राजवळच्या एका घरात उतरलो होतो. माडांची सावली, अंगणात झोपाळा, जेवणात सोलकढी. नाव ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. हाका मारल्या, ओ नाही. शेवटी धक्का देऊन दार उघडलं. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. आत गॅस गीझर चालू, आणि डास येतात म्हणून एकुलत्या एका झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला. तिला उचलून अंगणात आणलं, तसंच दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती सावरली.

कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि दार उघडायचं भान राहत नाही.

घरमालकीण आमच्याइतकीच हादरली होती. म्हणाली, "पाच वर्सां झाली ताई, आजपर्यंत कोण बघूक इलो नाय." मला तिचा राग आला नाही. तिचं हे वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर घरोघरी खोल्या निघाल्या, गावात चार पैसे आले, हे चांगलंच झालं. पण नियमांचं काय? ग्रामपंचायतीचा दाखला वेगळा, जेवणाचा अन्न परवाना वेगळा, परदेशी पाहुणा आला तर पोलिसांना कळवायचं ते वेगळं. कागद इतक्या टेबलांवरून फिरतो, पण न्हाणीघरात डोकावायचं काम नेमकं कोणाचं, हे कोणी सांगत नाही. राज्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेत घरगुती खोल्यांची नोंदणी होते, पण नोंदणीविना चालणारी घरंही आपण पाहतोच. शेजारच्या गोव्यात 1982 पासून कायदाच आहे: पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर पर्यटन खात्याकडे नोंदणी हवी. तिथेही विचारणारा गिऱ्हाईक नसेल तर कायदा कपाटात राहतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. फोनवर खोली ठरवताना "समुद्र किती लांब?" हे जरूर विचारा, पण त्याआधी "तुमची नोंदणी आहे का? दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का?" असं विचारा. लाजू नका. ज्यांनी रीतसर नोंदणी केली आहे ते आनंदाने पाठवतात. दहा पाहुण्यांनी विचारलं की अकरावा यायच्या आत घरमालक कचेरीत जातो.

अ‍ॅपवरच्या ताऱ्यांना भुलू नका. हॉटेलांना सरकारी तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून देते, तेही हॉटेलने स्वतःहून अर्ज केला तरच, आणि ठरावीक मुदतीसाठी. मोबाइलवर दिसतात ते बहुतेक वेळा आपल्यासारख्याच पाहुण्यांनी दिलेले. न्याहारी कशी होती ते त्यातून कळेल, आगीच्या वेळी जिना मोकळा असेल का ते कळणार नाही. दिल्लीत करोल बागेतल्या एका हॉटेलला 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे आग लागली आणि 17 जण गेले. खोलीत बॅगा टाकल्यावर पाच मिनिटं द्या. जिना कुठे आहे, त्याच्या दाराला कुलूप आहे का, खिडकी उघडते का, ते पाहा. गीझर गॅसचा असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच दार लावा. मुलांना एकट्याने कडी लावू देऊ नका.

पैशांचंही सांगते. "सगळं धरून किती?" हे आधी लिहून मागा. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. कोणी 12 लावत असेल तर हटका. सेवा शुल्क देणं ऐच्छिक आहे, नको असेल तर बिलातून काढायला सांगा. ओळखपत्र द्यावंच लागतं, पण आधारची अख्खी प्रत कशाला? शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते. आगाऊ रक्कम अनोळखी क्रमांकावर पाठवण्याआधी त्या ठिकाणच्या एखाद्या दुकानदाराकडून चौकशी करा. हॉटेलांच्या नावाने खोटी संकेतस्थळं काढून लुबाडणारे पुष्कळ आहेत. फसलात तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

आणि बिल घ्या. "बिल नको तर दोनशे कमी" हा सौदा करू नका; बिल नसेल तर तुम्ही तिथे राहिलात याचाच पुरावा उरत नाही. बिल असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे भागलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. त्यासाठी मालवणला किंवा पणजीला खेटे घालावे लागत नाहीत, वकील सक्तीचा नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तोवर बिल जपून ठेवा.

आम्ही त्या घरी तक्रार केली नाही. निघण्याआधी भाचीच्या बाबांनी झरोक्याचा पुठ्ठा स्वतः काढला, आणि नोंदणीसाठी काय काय लागतं ते मी मालकिणीला वहीत लिहून दिलं. दिवाळीत तिचा फोन आला. गीझर आता बाहेर पडवीत बसवलाय, आणि अर्ज दिलाय म्हणाली. अजून कोणी बघायला आलेलं नाही.