प्रतिमा

आमच्या शिरगावची ओळख 'प्रतिशिर्डी' अशी आहे. गुरुवारी सोमाटणे फाट्यापासून भाविकांची रीघ लागते. 'प्रति' म्हणजे मुळाचे दुसरे रूप, हे मी लहानपणीच शिकले. यंदा ग्रंथालयात मध्ययुगीन ख्रिस्ती विचारांवरचे एक पुस्तक हाती पडले आणि या शब्दाने मला पुन्हा गाठले.

देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडविले, असे बायबलच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ने (१६१६) ती सृष्टिकथा मराठी ओवीत आणली. पण हे प्रतिरूप माणसात नेमके कोठे आहे? ते देहात नाही, कारण देवाला देह नाही. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) ते स्मृती, बुद्धी व इच्छा या मनाच्या तीन शक्तींत शोधले. थॉमस अक्वायनसने (मृत्यू १२७४) बुद्धीवर भर दिला. देवाला जाणण्याची आणि त्याच्यावर प्रेम करण्याची पात्रता प्रत्येक माणसात उपजतच असते, असे तो मानतो. मात्र ही बुद्धी स्त्रीपुरुषांत सारखीच आहे असे सांगूनही, एका दुय्यम अर्थाने प्रतिरूप पुरुषातच आहे, असे तो लिहितो. का, तर स्त्री पुरुषापासून झाली! एवढा मोठा तर्कपंडित येथे घसरला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण त्याला दोष देण्याचा अधिकार मला आहे काय? गेल्या वर्षी पालक-सभेत आईने नावापुढे अंगठा उठविला, तेव्हा कोणाला दिसू नये म्हणून मी मध्येच आडवी उभी राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि चढताच मी खालच्या पायरीवरच्या आईला कमी लेखले! अक्वायनसने निदान बुद्धी आणि अक्षरओळख यांची गल्लत केली नव्हती. ती मी केली. शिकलेले आपण सारेच ती करतो.

ऑगस्टीन म्हणतो, ही प्रतिमा झिजते, विरूप होते, पण नाहीशी होत नाही. खुरपे धरून धरून आईच्या अंगठ्याच्या रेघा इतक्या झिजल्या आहेत की, यंत्रावर ठसा चटकन उमटत नाही. यंत्राला तो दिसत नसेल. मला दिसायला हवा होता.

मित्रमैत्रिणींनो, आपण प्रतिमेपुढे हात जोडतो, ते चांगलेच आहे. पण देवाची जिवंत प्रतिमा घरात, शेतात, रस्त्यावर वावरते, तिची लाज वाटू देऊ नका. यंदाच्या सभेला आई येईल. मी तिच्या शेजारी उभी राहणार आहे.

— द्वितीय वर्ष कला