उघडे बोअर हे दैव नव्हे, हलगर्जीपणा आहे

एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या इंडी तालुक्यातील लच्याण येथे दोन वर्षांचे मूल उघड्या बोअरमध्ये पडले. सुमारे २० तासांनी ते जिवंत निघाले आणि ‘देवाची कृपा’ म्हणून सगळे मोकळे झाले. २०१७ मध्ये अथणी तालुक्यातील झुंजरवाडची सहा वर्षांची मुलगी मात्र वाचली नाही. मग तिच्यावर कृपा का झाली नाही?

कायदा हलगर्जीपणाला दैव मानत नाही. आपल्या कृतीमुळे दुसऱ्याला इजा होईल हे ज्याला आधी कळू शकते, त्याने काळजी घेतलीच पाहिजे. न घेणे हा हलगर्जीपणा, आणि भरपाई त्याच्याच माथी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले आहे : बोअर मारण्याच्या १५ दिवस आधी कळवा, तारेचे कुंपण घाला, केसिंगवर लोखंडी झाकण वेल्ड करा, सोडून दिलेले बोअर तळापासून वरपर्यंत बुजवा आणि तसा दाखला घ्या. खेड्यात देखरेख सरपंच व कृषी खात्याची.

बोअरच्या कर्जाला आम्ही बँकवाले पहाणी, कोटेशन, जामीनदार सगळे मागतो. जुने बोअर बुजवल्याचा दाखला मागत नाही. शेतकरी तर चार पैशांसाठी केसिंगही उपसून नेतो.

सरकारला शिव्या घालणे सोपे आहे. पण जमिनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या, तर त्यातली भोकेही आपलीच! पुढच्या ग्रामसभेत करजगीतील पडीक बोअरची यादी मागा. त्याआधी आपल्या शिवारातले बुजवा.