चाकावरची काळी पट्टी आणि पेंटरचा दम

सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या हंगामात पिकअप गाड्यांची रांग लागते. त्यातल्या गाडीचे वय ओळखायला नंबर प्लेट वाचावी लागत नाही. चाकाच्या कमानीवर बसवलेली प्लास्टिकची पट्टी ते सांगून टाकते. नवी असताना ती काळीभोर असते. चार-पाच उन्हाळे खाल्ले की राखाडी पडते, बोट फिरवले तर पांढरट भुकटी हाताला लागते. आणखी काही वर्षांनी तिच्या क्लिपा तुटतात आणि ती तारेने बांधलेली दिसते. गॅरेजात तिला कोणी व्हील आर्च म्हणतात, कोणी फ्लेअर, कोणी नुसतीच मडगार्डची पट्टी.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. पासिंगच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी अशा गाड्या गॅरेजात येतात. मालकाची मागणी ठरलेली असते: पट्ट्या बदला आणि गाडीच्या रंगात रंगवून द्या. बिलात पट्टी, रंग आणि मजुरी असे तीन आकडे येतात. रंग मारणाऱ्याच्या फुप्फुसांवर पडणारा बोजा त्यात कुठेच नसतो. या कामातला सगळ्यात महाग भाग तोच आहे आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

आधी पट्टीकडे पाहू. बहुतेक पट्ट्या पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या किंवा त्यात रबर आणि शंखजिरे मिसळून केलेल्या असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी या प्लास्टिकच्या लांब रेणूसाखळ्या तुटतात, हवेतला ऑक्सिजन त्या तुटलेल्या टोकांना चिकटतो आणि वरचा थर ठिसूळ होतो. बोटाला लागणारी भुकटी म्हणजे हाच मेलेला थर. काळ्या पट्टीत मिसळलेली काजळी किरणे शोषून घेते, म्हणून काळे प्लास्टिक तुलनेने जास्त टिकते. काही ठिकाणी गरम हवेची बंदूक फिरवून पट्टी पुन्हा काळी करून देतात. वरचा थर वितळल्यामुळे काही दिवस चमक दिसते, पण तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत.

याच प्लास्टिकवर रंग धरत नाही. नव्या पट्टीवर पाणी टाकले तर ते पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहते. रंगाचेही तसेच होते. म्हणून रंगाआधी पट्टी साबणाने धुणे, तेलकटपणा काढणे, हलक्या हाताने घासणे आणि प्लास्टिकसाठीचा खास प्राइमर मारणे या पायऱ्या चुकवून चालत नाहीत. पट्टीच्या मागच्या बाजूला बहुधा ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ अशी अक्षरे कोरलेली असतात. एबीएसवर रंग बराच सहज बसतो, पीपीवर खास प्राइमरशिवाय बसत नाही. शिवाय प्लास्टिक उन्हात फार पसरते. मीटरभर लांबीचे पोलाद चाळीस अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, तेवढेच पॉलिप्रोपिलीन तीन-चार मिलिमीटर वाढू शकते. स्क्रू करकचून आवळले तर पट्टीला लाटा येतात, आणि वरचा रंग कडक असेल तर त्याला तडे जातात. घाईत साधा प्राइमर मारलेली पट्टी वर्षभरात पापुद्रे सोडू लागते आणि गाडी पुन्हा त्याच पेंटरपुढे उभी राहते. प्रत्येक वाया गेलेले काम म्हणजे त्याच्यासाठी त्याच धुक्यातली आणखी एक फेरी.

ते धुके कशाचे असते, हा खरा प्रश्न आहे. गाडीला पक्की चमक देणारा पीयू रंग किंवा क्लिअर कोट दोन डब्यांतून येतो: एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायने असतात. भोपाळमध्ये १९८४ साली गळालेला मिथाइल आयसोसायनेट याच रासायनिक कुळातला होता. गॅरेजातली रसायने वेगळी आहेत आणि तशी एका रात्रीत जीव घेत नाहीत, पण श्वासनलिकेशी त्यांचे वैर आहे. स्प्रे गनमधून ती बारीक थेंबांच्या रूपात उडतात, छातीत जातात, उघड्या कातडीवरही बसतात. काही माणसांचे शरीर त्यांना कायमचे बिचकते. एकदा असे झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. मग तो माणूस त्या कामावर परत जाऊ शकत नाही. तिशी-पस्तिशीतल्या कारागिराचा हातातला धंदाच जातो.

या रसायनांची फसवी बाजू अशी की धोकादायक पातळीलाही त्यांचा वास येत नाही. नाकाला झोंबतो तो थिनर. त्यामुळे वास गेला की हवा स्वच्छ झाली, असे समजून पेंटर रुमाल सोडतो, तेव्हा धुके अजून खोलीत असते. तोंडावरचा रुमाल तर मुळातच कामाचा नाही. साधा धुळीचा मास्क घासताना उडणारी धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. कोळशाच्या फिल्टरचा मास्क त्याहून बरा, पण फिल्टर कधी भरला हे वासावरून कळत नाही. म्हणून अशा फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हाच भरवशाचा उपाय मानला जातो.

हे काही नवे ज्ञान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच पेंटरच्या व्यवसायाला कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात घातले. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या मते तिथे गाड्यांवर रंग फवारणाऱ्यांना दम्याचा धोका सर्वसाधारण कामगाराच्या सुमारे ८० पट असतो. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून अशी रसायने व्यवसायासाठी वापरण्याआधी प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. भारतातही कारखाने अधिनियम, १९४८ च्या नोंदवण्याजोग्या आजारांच्या यादीत आयसोसायनेटच्या विषबाधेचे नाव आले. पण कायदा शोधतो तो कारखाना. एका शटरच्या गाळ्यात दोन पेंटर आणि एक हाताखालचा पोरगा असे चालणारे गॅरेज त्या व्याख्येत बसत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनाही साधारणपणे दहा कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होते. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, ती गाड्यांच्या रंगाला लागू नाही. म्हणजे जिथे संरक्षण सगळ्यात कमी, तिथे नियमही सगळ्यात कमी.

गॅरेजवाल्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. रंगाची बंद खोली, पंखे, फिल्टर यांचा खर्च लाखांत जातो. पासिंगच्या कामात गिऱ्हाईक शंभर-दोनशे रुपयांवरून घासाघीस करते. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा असताना तोंडावर मुखवटा चढवून काम करणे सोपे नाही. आणि वीस वर्षे रंग मारून काही झाले नाही, असे सांगणारे उस्ताद प्रत्येक ओळीत भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. मात्र ज्यांना दम लागला त्यांनी काम सोडलेले असते, त्यामुळे गॅरेजात उरतात ते न बिघडलेलेच. त्यांच्याकडे पाहून धोका मोजणे म्हणजे परत आलेल्या गाड्या मोजून अपघात झालेच नाहीत म्हणण्यासारखे आहे.

लाखांची खोली जमत नसली तरी काही गोष्टी आजही शक्य आहेत. पहिली गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात आहे. बदललेली पट्टी काळीच ठेवावी. दाणेदार काळी पट्टी रंगाशिवाय वापरण्यासाठीच बनवलेली असते. खडी उडाली तर तिच्यावरचा ओरखडा फारसा दिसत नाही, आणि पासिंगला गाडीच्या रंगातली पट्टी कोणी मागत नाही. रंगवायचीच असेल तर एकदाच, सगळ्या पायऱ्या करून रंगवावी आणि त्यासाठी एक दिवस जास्त द्यावा. दुसरी गोष्ट गॅरेजची. लांबी आणि जुना रंग कोरडा घासण्याऐवजी पाणी लावून घासला तर धूळ उडत नाही. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगात शिसे असण्याची शक्यता असते, तिथे तर हे हवेच. हवा पुरवणारा मुखवटा कॉम्प्रेसरवर चालू शकतो, फक्त तेल आणि वाफा गाळणारी योग्य जोडणी लागते, रंगाच्या नळीची हवा तशीच श्वासाला चालत नाही. हातमोजे घालावेत, हात थिनरने धुऊ नयेत, आणि फवारणी चालू असताना हाताखालच्या पोराला शटरबाहेर ठेवावे. तेही परवडत नसेल त्यांनी चार-पाच जणांत मिळून फवारणीची एक चांगली जागा उभी करावी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अशी सामाईक सोय होणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची. सोलापूरला छातीच्या तक्रारी नव्या नाहीत. यंत्रमागाचा तंतू, विडीच्या तंबाखूची धूळ, रस्त्यावरचा फुफाटा, अशी कारणे तयार असतात आणि पेंटरचा खोकला त्यातच जमा होतो. त्याला दोन साधे प्रश्न विचारले पाहिजेत: काम काय करता, आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? रात्री दम लागतो, सुट्टीत उतरतो, कामावर परतल्यावर पुन्हा चढतो, असे असेल तर संशय कामावर घ्यायला हवा. लवकर ओळखून काम बदलले तर बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो, उशीर झाला तर तो मुक्कामाला राहतो. फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री काही मिनिटांत होते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि महापालिकेने वर्षातून एकदा गॅरेजांच्या ओळीत अशी तपासणी नेली, तर या शहरातले किती पेंटर दम खात काम करतात हे तरी कळेल. मोजलेच नाही तर कायदा बदलण्याची मागणी कशाच्या जोरावर करायची?

दसऱ्याआधी गॅरेजांत पुन्हा गर्दी होईल. गाडी तिथे लावताना मालकाने पट्टीचा भाव करावाच. सोबत पेंटरला मुखवटा आहे का, हेही विचारावे. आणि नसेल तर पट्टी काळीच राहू द्यावी.