लस त्याने घेतली, बेटाने नाही

धर्मप्रसारासाठी वर्षानुवर्षे परदेशात राहायचे तर बायबलचा अभ्यास पुरत नाही. भाषा, प्रथमोपचार, लसी, व्हिसा अशी बरीच तयारी लागते. २६ वर्षांच्या जॉन ॲलन चाऊ या अमेरिकी तरुणाने त्यातली बहुतेक केली होती. कॅनडात भाषाशास्त्राचे धडे, आपत्कालीन वैद्यकीय मदतीचे प्रशिक्षण. कॅन्सस सिटीतल्या शिबिरात तर गावकऱ्यांचे सोंग घेतलेल्या लोकांपुढे सरावही. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो अंदमानातील उत्तर सेंटिनल बेटावर उतरला आणि मारला गेला.

त्याच्या धाडसाचे आजही कौतुक होते. पण तो आला होता पर्यटक व्हिसावर, आणि १९५६ च्या नियमांनुसार या बेटाकडे जायला बंदी आहे. ती उगाच नाही. जगापासून तुटून राहिलेल्या सेंटिनलींना आपली साधी सर्दी किंवा गोवरही पुरी पडेल. चाऊने लसी घेतल्या, स्वतःला काही दिवस वेगळेही ठेवले. सेंटिनलींना लस कोण देणार होते? त्यांची भाषा तर बाहेर कोणालाच येत नाही, मग ‘येऊ का’ असे विचारणार तरी कसे? न विचारताच जाणे, यालाही तयारीच म्हणायचे का?

सुमारे २५ हजार रुपये घेऊन त्याला रात्री तिकडे नेणारे मच्छीमार मात्र अटकेत गेले.