बापाला कोण विचारणार?



‘समुद्रकाठी कुपोषण कसलं? रोज मासे खाणाऱ्यांची पोरं खुरटतात ती आयांच्या अडाणीपणामुळे,’ असा सूर रत्नागिरीत सभासमारंभांतून ऐकू येतो, अधूनमधून वाचकांच्या पत्रांतूनही. बंदरालगतच्या आणि खाडीकाठच्या अंगणवाड्यांवर मी बावीस वर्षं पर्यवेक्षिका होते. या वाक्यातलं मासे खाणंही फारसं खरं नाही आणि आईवरचा ठपकाही.

पापलेट, सुरमई, कोळंबी लिलावातूनच बर्फात बसते आणि बाहेरगावी जाते. घरी येतो बांगडा, तारली, फार तर मांदेली. तेही लहान पोराच्या तोंडात पडत नाही. ‘काटा लागेल’, ‘उष्ण पडेल’. उष्टावण थाटात होतं, पण पुढे वर्षभर वाटीत काय, तर भाताची पेज, नाहीतर चहात बुडवलेली खारी. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे सांगून माझा घसा बसला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी. आधीच्या, २०१५-१६च्या फेरीत खुज्या मुलांचं प्रमाण ३४.४ टक्के होतं.

एक प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही. अडीच वर्षांचा मुलगा, काट्याला टांगलेल्या झोळीत. मुठीत पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, ओठ मसाल्याने लाल. दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर पिवळ्यात, साडेअकरा सेंटिमीटरच्या लाल खुणेला जवळजवळ टेकलेली. आजी म्हणाली, “बापावर गेलाय तो, बाय. आमच्यात सगळी बारीकच.” हे मी शंभर वेळा ऐकलं आहे, शिकलेल्यांकडूनही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे तक्ते काढले, त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती. त्यांत आपल्या दिल्लीचीही होती. पोटाला नीट मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची पोरं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यातून निघालं. बारीकपणा वारशाने येतो त्याहून जास्त ताटातून येतो.

त्या मुलाची आई तेव्हा कुठे होती? पहाटे चारला लिलावाला गेलेली. पाटी घेऊन दारोदार फिरून ती बाराच्या पुढे घरी येणार. आमची माता सभा अकराला! सभेला न येणारी ती बेजबाबदार, असं मीही एकेकाळी अहवालात लिहिलं आहे. आता लाज वाटते. तिचं पोर दिवसभर आजीकडे, नाहीतर दहा वर्षांच्या ताईच्या कडेवर. रडलं की पुडी.

आणि ती पुडी बहुतेक वेळा बापाने आणलेली असते. चार-आठ दिवसांनी बोटीवरून परतलेल्या माणसाची माया आहे ती, तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण कालवणाला मिळालेली मासळी घरी न्यायची की बंदरावरच विकून टाकायची, हातातल्या रोकडीतून आधी किराणा की आधी गुत्ता, हे तोच ठरवतो. तरी आमच्या नोंदवह्यांत ‘पालक’ म्हणजे आईच. नवऱ्यांना समजावण्यासाठी पोषण अभियानात ‘सुपोषण दिवस’ आहे, नाही असं नाही. आमच्याकडे तो भरायचा तेव्हा गावातले निम्मे पुरुष समुद्रात असायचे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, बाप्ये घरात, जाळी विणत बसलेले. बापांच्या सभा तेव्हा घ्या, आणि अंगणवाडीत नको, जाळी विणतात तिथेच. याच महिन्यांत हात आखडतात, दुकानदाराकडची उधारी वाढते आणि वजनाचा काटा खाली येतो. त्याच वेळी निवडून, धुऊन, भाजून कुटलेला जवळा चिमूटभर पेजेत घालायला दाखवता येतो. तो घरात असतोच.

दुसरं, मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे अशा बंदरांवर लिलावाच्या वेळेला उघडणारं पाळणाघर हवं. केंद्राच्या मिशन शक्तीत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद ‘पाळणा’ नावाने आहेच. ते दहाला उघडलं तर मात्र पहाटे निघालेल्या आईला त्याचा काय उपयोग?

बाप शिकत नाहीत, असं कोणी म्हणेल. निवृत्तीच्या आदल्या वर्षी जुलैत एका वाडीत आम्ही जाळ्यांच्या ढिगाशेजारीच बसलो होतो. वाफवलेला बांगडा परातीत होता. एका तांडेलाने तो बोटांनी चाचपून एकेक काटा वेगळा काढला, भातात कुस्करला आणि मांडीवरच्या मुलीला भरवला. बोटं सराईत होती. सेविकेने विचारलं, घरी कधी भरवता का? तो म्हणाला, “मला कोनी सांगितलाच नाय कधी.”

— एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, रत्नागिरी