नांव गाजलें, माणूस झांकला

‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट १९७७ सालीं निघाला. त्यांत भल्या मोठ्या अंड्यांतून बाहेर पडून गाणारा अँथनी गोन्साल्विस घरोघरच्या मुलांस तोंडपाठ आहे. आमच्या शेलारच्या वरातींतहि तें गाणें वाजतें. परंतु या नांवाचा एक खराखुरा विद्वान् संगीतज्ञ होऊन गेला, हें सुशिक्षित घरांतहि फारसें ठाऊक नाहीं, म्हणून हा प्रपंच.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोमंतकांत माजोर्डा येथें झाला. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमलांत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचावयास शिकवीत. पंडित भातखंडे यांनींहि स्वरलेखन केलें, पण ती एका कंठाची लिपि; पन्नास वादकांनीं एकाच क्षणीं निरनिराळें काय वाजवावें, हें तींतून सांगतां येत नाहीं. चित्रपटास नेमकें तेंच हवें होतें. संगीतदिग्दर्शकानें पेटीवर चाल बसवावी आणि गोंयकार ‘अरेंजरा’नें ती वाद्यांस वांटून कागदावर उतरावी, असा क्रम पडला. श्रेयनामावलींत त्याचें नांव बहुधा नसे, असलें तर सहायकाचें.

१९४३ सालीं गोन्साल्विस मुंबईस आले व नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. त्या गाण्यास गुरूचें नांव दिलें, तें लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीपैकीं प्यारेलाल यांच्यामुळें. विदूषकी गाण्यास गुरूचें नांव देणें कोणास अप्रशस्त वाटेल. मला त्यांत अकृत्रिम प्रेम दिसतें. मात्र त्या टाळ्यांच्या गजरांत माणूस झांकला गेला, हेंहि खरें.

त्यांचें खरें ध्येय निराळें होतें. आपल्या रागांत पाश्चात्य स्वरसंवाद आणावा, असा त्यांचा ध्यास. काम किती अवघड, तें पाहा. सारंगांत गंधार व धैवत वर्ज्य. पाश्चात्य पद्धतींत षड्जावरचा साधा त्रिस्वर म्हणजे सा, ग, प. गंधार घेतला कीं सारंग बिघडला, न घेतला तर त्रिस्वर पोकळ राहिला! तरीहि त्यांनीं सारंगावर व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांसाठीं कॉन्चेर्टो रचला. १९५८ सालीं स्वतःचा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारून सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत जलसा केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. असल्या उद्योगास राजाश्रय लागतो. तो कोठून मिळणार?

१९६५ सालीं ते चित्रपट सोडून अमेरिकेंत सिराक्यूज विद्यापीठाकडे गेले. परतल्यावर मुंबईच्या त्या धंद्यांत पुन्हा न शिरतां माजोर्ड्यास शांतपणें राहिले. चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनीं त्यांच्यावर अनुबोधपट काढला. १८ जानेवारी २०१२ रोजीं गोव्यांतच त्यांचें निधन झालें.